पोरींना आधी शिक्षा

हसायचं न्हाई असं ठरवलं होतं मी, पण हसलेच. जालन्याच्या त्या शाळेत मास्तरकीच्या परीक्षेचा नमुना-पाठ चालू होता. आम्ही उमेदवार मागच्या बाकांवर. फळ्यापुढं एक उंच तरुण उभा राहिला आणि अगदी कळकळीनं म्हणाला, "या वर्गातल्या प्रत्येकाला मी बराबर शिक्षा देणार. पोरींना तर आधी." पुढच्या रांगेतल्या पोरींनी झटकन हात पाठीमागं लपवले.

मी पास झाले, तो नापास. व्हरांड्यात त्यानं मला गाठलं आणि विचारलं, का हसलात... रागानं न्हाई, खरंच समजून घ्यायला. मंग सांगावं लागलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत छडी. बिचाऱ्याचे कान लाल झाले, आणि माझं मेलं हसू थांबेना.

त्याचं नाव गिरधारीलाल. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकला, राज्य गेल्यावर हिंदीच्या परीक्षा दिल्या, आणि आता ध्यास मराठी मास्तर व्हायचा. घरचं कापडाचं दुकान सोडून हे कसलं खूळ, म्हणून काका चिडायचे. त्यांनी तीन वेळची मोकळीक दिली होती. तिसऱ्यांदा आपटला की हैदराबादच्या दुकानात, कायमचा.

मी तीर्थपुरीची, तिथल्याच शाळेत लागले. बाजाराच्या दिवशी तो काकांचं पाल लावायला यायचा आणि दुपारी आमच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर वही घेऊन बसायचा. बाबूजी गल्ल्यावर, मी दारात. आम्ही दोघंही मारवाडी, पण मी अट घातली, माझ्याशी फक्त मराठी बोलायचं. वहीत त्याच्या चुका असायच्या, तारखेनिशी. एवढ्या मायेनं चुका जपणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"ही वही भरली की मंग?" मी एकदा विचारलं.

"दुसरी घेईन. तुम्ही दुरुस्त करणार असाल तर बाई... चुका संपूच नयेत."

एवढं बोलून त्यानं वहीत तोंड घातलं. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी मीठ बांधून दिलं.

दुसऱ्या परीक्षेत तपासणीच्या साहेबांनी विचारलं, मुलांना येईना तर काय कराल? हा म्हणाला, येईपर्यंत त्यांची चेष्टा करत राहीन. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! साहेबांनी त्याचा कागद बाजूला सारला.

मंग दोन बाजार तो आलाच न्हाई. तिसऱ्याला आला तो निरोप घ्यायला. आता आणखी हसं करून घेत न्हाई, म्हणाला. मला असा संताप आला!

"मला मराठी गावानं आयती दिली," मी म्हणाले. "पोर कुठं अडतं ते मला दिसतच न्हाई. तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही तिथंच पडलाय. हे काय कापडात गुंडाळून हैदराबादला नेणार?"

त्यानं एवढंच विचारलं, तिसरा पाठ बघायला तुम्ही याल? येईन म्हणाले.

यंदा मास्तरची जागा एकच होती, अंतरवाली सराटीची. माल घ्यायचं निमित्त करून मी बाबूजींना जालन्याला नेलं. आम्ही खिडकीशी उभे. गिरधारीनं फळ्यापुढं वही उघडली.

"पोरांनो, मी दोनदा नापास झाल्तो. कसा ते ऐका."

शिक्षा सांगितली, चेष्टा सांगितली. वर्ग खदखदून हसला. मंग एकेक पोर न लाजता आपली चूक सांगायला उठलं, आणि ती फळ्यावर लिहून तो त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेत राह्यला. घंटा झाली तरी साहेबांनी पाठ थांबवला न्हाई.

दुपारी नाव लागलं, गिरधारीलालचंच. तो धावतच आमच्याकडं आला, पण बाबूजींना बघून दोन पावलांवरच थांबला.

"अंतरवालीला पोरींसाठी बाई पण पाहिजे," मीच म्हणाले. "बदलीचा अर्ज मी परवा टाकलाय."

"परवा?" तो पुटपुटला. "परवा तर मी पास झालो नव्हतो..."

"मला ठाऊक होतं."

बाबूजींनी माझ्याकडं रोखून बघितलं. असले अर्ज टाकण्याआधी बापाला विचारायचं असतं, म्हणाले.

"मंग आता विचारते, बाबूजी."

गिरधारीनं क्षणभरही वाट बघितली न्हाई, भर रस्त्यात वाकून बाबूजींच्या पायांना हात लावला.

"उठा, मास्तर," बाबूजी म्हणाले. "तुमच्या काकांना भेटायला जाऊ."