बर्फात पुरलेलं पार्सल

टपाल केंद्राच्या मागे पाण्याचे दोन पाइप होते. एक उघड्यावर, भिंतीवरून गेलेला. दुसरा जमिनीलगतचा, आणि त्याच्यावर कंबरभर बर्फ साठलेला. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तबिथा बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा भिंतीवरचा पाइप गोठून तडकला होता. बर्फाखालच्या पाइपातून मात्र पाणी येत होतं.

तबिथा बादली तिथेच ठेवून आत गेली.

"आजोबा, बर्फात गाडलेला पाइप आधी गोठायला हवा होता ना?"

आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, जालन्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. हिमालयातल्या थुंगरी या छोट्याशा गावी ते लेकीकडे आठवडाभरासाठी आले आणि बर्फामुळे घाटाचा रस्ता बंद झाला. तेव्हापासून ते इथेच अडकले होते. त्यांनी कानटोपी खाली ओढली आणि दोन तापमापक घेतले.

"चल, बर्फालाच विचारू," ते म्हणाले.

एक तापमापक त्यांनी दोरीला टांगला. दुसरा काठीला बांधून बर्फातून थेट जमिनीपर्यंत खुपसला. थोड्या वेळानं तबिथानं दोन्ही आकडे वाचले. हवा शून्याखाली एकोणीस अंश. बर्फाच्या तळाशी मात्र शून्याखाली जेमतेम एक.

"आता ओंजळभर बर्फ घे आणि दाब."

तबिथानं दाबला. एवढ्या बर्फाची लिंबाएवढी गोळी झाली.

"बाकीचा कुठे गेला?"

"बाकी नुसती हवाच होती," तबिथा हळूहळू म्हणाली.

"बरोबर. ताज्या, भुरभुरीत बर्फात बहुतेक हवाच असते, पण कोंडलेली. वारा आपली ऊब उडवून नेतो, कारण वाऱ्यातली हवा हलती असते. कोंडलेल्या हवेला हलताच येत नाही. मग उष्णता तिच्यातून फार सावकाश जाते. अशा पदार्थाला उष्णतारोधक (उष्णतेची वाट अडवणारा) म्हणतात. गोधडी काय करते?"

"ऊब देते."

"देत नाही. तुझीच ऊब धरून ठेवते. इथं खोल जमिनीत उन्हाळ्यातली उष्णता अजून शिल्लक आहे. ती वर येते आणि बर्फाखाली अडकते. पाइपाला तेवढी पुरली."

तबिथाला पटलं. तरी हातातल्या गार गोळीकडे पाहून तिला ते जरा विचित्रच वाटलं.

दुपारी वारा आणखीच जोरात घोंगावू लागला. तबिथाची आई, मार्था उजागरे, टपाल केंद्राची प्रमुख होती. गावाजवळच्या वेधशाळेत काम करणाऱ्यांची घरं आणि जुनं गाव, दोन्हीकडचा माल तिच्याच केंद्रात येई. या वर्षी नाताळची पार्सलं खालच्या गावात अडकून पडली होती. वाऱ्यामुळे ड्रोन उडत नव्हते. म्हणून आईनं एक ओझ्या मागवला होता. ओझ्या म्हणजे सहा पायांचा मालवाहू यंत्रमानव. बोलणारा, स्वतः वाट शोधणारा.

त्याच्या पाठीवर मुलांची खेळणी होती, केकसाठी बेदाणे होते, चर्चवर लावायचा कागदी तारा होता. आणि एका निळ्या डब्यात आजोबांचं इन्सुलिन होतं. आजोबांनी सोबत आणलेलं आता संपत आलं होतं. ते त्याबद्दल फारसं बोलत नसत. पण आई रोज सकाळी उरलेल्या कुप्या मोजते आणि फ्रिज बंद करते, हे तबिथाच्या लक्षात आलं होतं.

अंधारून येत होतं, तेव्हा केंद्रातल्या स्पीकरवर ओझ्याचा आवाज आला.

"नमस्कार. मी माळावर थांबलो आहे. पुढची वाट दिसत नाही. थंडीमुळे माझी बॅटरी भराभर उतरते आहे."

आईनं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात ठेवला. "बाबा, हा रात्रभर उघड्यावर राहिला तर डब्याचा हीटर मध्यरात्रीच बंद पडेल. इन्सुलिन गोठेल."

"मग वितळवता नाही येणार?" तबिथानं विचारलं.

"गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी निकामीच," आजोबा म्हणाले. ते शांतपणे खुर्चीवर बसले.

"आम्ही चालत जाऊन आणतो म्हटलं, तर माळाच्या वरच्या कड्यावरून बर्फ कोसळायची भीती आहे. या वाऱ्यात मी कुणालाही पाठवणार नाही," आई म्हणाली.

तबिथाला सकाळचे दोन आकडे आठवले.

"आई, त्याला बर्फात खड्डा खणायला सांग. आत बसायचं आणि वरून बर्फ ओढून घ्यायचा."

आईनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आईनं लगेच तसा हुकूम दिला.

"हा हुकूम मी पाळू शकत नाही," ओझ्या म्हणाला. "मालाला धोका होईल अशी गोष्ट कारण पटल्याशिवाय करू नये, असा माझा नियम आहे. बर्फ गार असतो. गार पदार्थात माल ठेवल्यास तो गार होतो."

आजोबा पुढे सरकले, पण मग थांबले. "तूच सांग," ते नातीला म्हणाले.

तबिथानं माइक जवळ ओढला.

"ओझ्या, आत्ता बाहेर किती गार आहे?"

"शून्याखाली बावीस अंश. वारा जोराचा."

"तुझी मोटर, तुझी बॅटरी, डब्याचा हीटर, सगळ्यांतून थोडी थोडी उष्णता निघते ना? ती कुठे जाते?"

"वारा घेऊन जातो."

"बर्फाच्या आत वारा असेल का?"

"नसेल. पण बर्फ स्वतः उष्णता शोषून घेईल."

"घेईल, पण अगदी सावकाश. तुझ्या पायाखालचा बर्फ घे आणि दाब. किती उरतो बघ."

स्पीकरमधून करकर आवाज आला. "दहाव्या हिश्श्याच्या आसपास. उरलेली जागा हवेची होती."

"ती हवा कोंडलेली आहे. तिच्यातून उष्णता पटकन पलीकडे जात नाही. म्हणजे तुझी उष्णता तुझ्यापाशीच राहील. हीटरला अधूनमधूनच चालू व्हावं लागेल. आम्ही सकाळी मोजलंय. हवा उणे एकोणीस होती, बर्फाच्या तळाशी उणे एक."

तबिथानं आईचा हात धरला.

"कारण पटलं," ओझ्या म्हणाला. "जमिनीपर्यंत खणतो. वर किती जाड थर हवा?"

"जितका जाड, तितका बरा," आजोबा मागून म्हणाले. "पण बर्फ थोपटून घट्ट करू नकोस. हवा निघून जाईल."

दुसरा दिवस नाताळचा, पण वादळ ओसरलं नाही. चर्चमध्ये तारा नव्हता. केक बेदाण्यांविना झाला. पार्सलं उशिरा येतील, असं आईनं मुलांना सांगितलं, तेव्हा एक-दोन चेहरे पडले. मग आजोबांनी जालन्याच्या चालीवर नाताळची गाणी सुरू केली आणि मुलांनी ताटल्या वाजवून ठेका धरला. तबिथाही गात होती. मधूनच ती केंद्रात जाऊन पडद्यावरचा आकडा बघून येई. डब्याच्या आत चार अंश. पुन्हा गेली, तेव्हाही चार. बॅटरीही थोडी थोडीच उतरत होती.

सव्वीस तारखेला वारा पडला आणि लख्ख ऊन आलं. जेवणाच्या सुमारास माळाकडून सहा पायांची एक काळी आकृती डुलत डुलत येताना दिसली. मुलं धावली. आई त्यांच्याही पुढे होती.

निळा डबा तिनं स्वतः उघडला आणि एक कुपी उजेडात धरली. आतलं औषध पाण्यासारखं नितळ होतं. डब्यावरचा दिवाही हिरवा होता, म्हणजे आतलं तापमान एकदाही घसरलं नव्हतं. तिनं कुपी आजोबांच्या हातात दिली आणि बराच वेळ त्यांचा हात सोडला नाही.

"मार्था, बेदाणेही दे की मुलांना," आजोबा म्हणाले.

संध्याकाळी आईनं घाटातल्या इतर केंद्रांना ओझ्याच्या दोन रात्रींची सगळी मापं पाठवली. सगळ्या ओझ्यांना ही युक्ती शिकवायची, असं ठरलं. आजोबा म्हणाले, "चंद्रावरच्या रात्री तर याहून कितीतरी गार असतात. तिथली मऊ धूळही उष्णता सहज जाऊ देत नाही. उद्या तिथं घरं बांधतील, तेव्हा ती धुळीनंच झाकावी लागतील."

"मग तिथलं टपाल केंद्र मी सांभाळीन," तबिथा म्हणाली. आजोबांनी गंभीरपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ओझ्या खाली परत निघाला. त्याच्या पाठीवर थुंगरीच्या मुलांनी पाठवलेली भेटकार्डं होती. आभाळ पुन्हा भरून येत होतं.

"वाटेत बर्फ पडला तर?" तबिथानं विचारलं.

"पडायलाच हवा," ओझ्या म्हणाला. "रात्री मुक्कामाला लागेल." आणि तो उतार उतरू लागला.