कालचा संघदीप

दारव्ह्याहून यवतमाळला निघालेल्या जीपमध्ये माणसं कोंबली होती, आणि सत्यशीलाच्या मांडीवर एका परक्या माणसाचं कागदांचं बाड येऊन पडलं.

"धरता का जरा? हात हलवाले जागा नाही."

तिनं धरलं, आणि वाचलंही. यवतमाळात टायपिंगचं दुकान तिचं. कागद दिसला की डोळा जायचाच.

"कालचा माणूस आज तोच असतो का... एवढ्यासाठी दोनशे पानं?"

"तीनशे दहा," तो लाजला. "मी संघदीप. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो."

"माझ्या मायले विचाराचं होतं, सर. एका वाक्यात सांगितलं असतं!"

जीप खड्ड्यात आदळली. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं... काढून कुणीच घेतलं नाही.

बाड तिनंच टाइप केलं. वर्ष लागलं. एक 'आहे' लिहायला या बाबाला दहा ओळी लागत.

"हे टेबल आहे, हेबी सिद्ध करावं लागते तुमाले?"

"टेबलाचं मागून पाहू. तू आहेस, तेवढं पुरे आहे मले."

मेली बोटं कळफलकावर चुकायचीच मग.

शेवटी तो मागणी घालायला घरी आला. चहा झाला. तिचे वडील भीमराज म्हणाले, "शब्द द्या, सर. जन्मभर सांभाळसान पोरीले?"

एक 'हो' म्हणायचं होतं. दाराआड सत्यशीला कान लावून उभी.

"खरं सांगू का... वीस वर्षांनंतरचा संघदीप मीच असेन, हे सांगता येत नाही. त्याच्या वतीनं शब्द कसा देऊ?"

एवढं शिकून नेमकं तिथंच तोंड उघडलं!

भीमराज उठले. "अनित्य आमालेबी ठाऊक आहे, सर. रोज बुद्धवंदना घेतो आम्ही. पण लेक शब्दावरच देतो."

संघदीपनं दाराकडं पाहिलं. आता बोलेल... आता तरी — त्यानं चपला घातल्या.

चार वर्षांनी छापलेलं पुस्तक घेऊन तो दुकानात उभा राहिला. कानशिलं पांढरी झालेली. तिनंही तोवर तीन स्थळं परत पाठवली होती.

"सत्या, चुकलो मी. आज शब्द देतो. जन्मभराचा."

"कोण देते? ज्याच्यासाठी मी दाराआड उभी होती, तो तं गेला. तुमीच सिद्ध केलं, सर. पान दोनशे चौदा. मीच टाइप केलं ते."

पुस्तक टेबलावर ठेवून तो गेला.

तिनं समोरचा अर्ज टाइप करायला घेतला. पहिल्याच ओळीत तीन चुका झाल्या.