वटलेला रोखा

जुन्या युद्धरोख्याची किंमत त्याच्या पाठीवर ठरते. पुढून सैनिक, शेतकरी, वेलबुट्टी. गिऱ्हाईक तिथेच भाळतं. मी आधी उलटा करून बघते. मागे सरकारी शिक्का आणि घेणाऱ्याचा अंगठा असला, तर रोखा वटला. तो चहापाण्याच्या भावात जातो. पाठ कोरी असली, तर गोष्ट वेगळी. कुणीतरी लढाईसाठी सरकारला कर्ज दिलं आणि परत मागायला आलंच नाही, त्या न येण्याचे पैसे पडतात. हे मला कुणी शिकवलं नाही. हनोईत वीस वर्षं जुने कागद विकतेय, फसत फसत शिकले.

न्यानमावशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया विकते. वय पंचाहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. खेकडे चाचपून घ्यायची, गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायची. ती लहान असतानाच गेलेल्या वडिलांचा रोखा तिने माझ्याकडे आणला. फ्रेंचांविरुद्धच्या लढाईतला, रक्कम पैशांत नाही, शंभर किलो साळीत. पाठ स्वच्छ कोरी. असे कागद जमवणाऱ्या सायगावच्या क्वेनसाहेबांनी फोटो पाहून तीन कोटी डोंग कबूल केले. तेवढ्या पैशांत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होत होतं.

"थ्वा, याची एक नक्कल काढून दे गं," मावशी म्हणाली. "उद्या बाबांचं श्राद्ध. मूळ विकतेय, निदान नक्कल जाळून त्यांच्यापर्यंत पोचवते. नाहीतर वर गेल्यावर कान उपटतील माझे."

"बाजारात श्राद्धाला जाळायच्या कागदी नोटा मिळतात की. कागदी मोटारसुद्धा मिळते."

"मोटार पाठवू? आणि चालवायला तू जाणार?"

नक्कल मी जरा जास्तच मन लावून केली. मापाला माप, दोन्ही बाजू, जुन्या खातेवहीच्या कोऱ्या पानावर. शेजारी ठेवल्यावर मलाच क्षणभर कळेना. दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिच्या दाराशी पत्र्याच्या डब्यात ती जाळली. मूळ रोखा माझ्या कपाटात, कुलपात होता.

त्यानंतरच्या सकाळी त्याच्या पाठीवर निळसर डाग दिसला.

ओल असेल, म्हटलं. फाल्गुनातली भुरभुर, भिंतींना घाम फुटलेला, कपडे वाळत नाहीत. कपाटात चुन्याची पुरचुंडी ठेवली. संध्याकाळी डागाला रेघा आल्या. दुसऱ्या दिवशी त्या रेघा गोल फिरू लागल्या. भिंगाखाली धरला. अंगठाच. शेजारी शिक्क्याची कड उमटत होती.

ओला कापूस हलकेच फिरवला. कापूस पांढराच राहिला. शाई धाग्याधाग्यात मुरली होती, सत्तर वर्षांपूर्वी लागल्यासारखी.

दर अर्ध्या तासाने कपाट उघडायचं, बंद करायचं. मावशीला सांगावं, तर काय सांगावं? ती रोज गल्लीतून ओरडायची, "थ्वा, आला का गं तुझा सायगावचा शेठ? डॉक्टरने सोमवार दिलाय!"

"येतोय, मावशी."

शनिवारी क्वेनसाहेब आले. त्यांनीही आधी रोखा उलटाच केला.

"बाई, फोटोत पाठ कोरी होती."

"होती."

"हा वटलाय. तीन लाख देतो, तेही तुमच्याकडे बघून."

मी रोखा परत घेतला. ते गेले. वर जाऊन वटली ती नक्कल माझ्या हातची होती. बांगड्या मोडू, भिशी आधी उचलू, पण सोमवार चुकवायचा नाही, असं ठरवून गल्लीत आले.

मावशी खेकडे साफ करत होती. चाचपत नव्हती. बारीक कवच नखाने भराभर निवडून टाकत होती.

"मावशी, रोख्याचं काही जमलं नाही. पण ऑपरेशनचं मी—"

तिने मान वर केली.

डोळे काळेभोर होते. पडदा नाही, पाणी नाही.

"मावशी! दिसतंय तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्यामागच्या इमारतींकडे, विजेच्या तारांकडे, दुचाक्यांकडे. मग स्वतःच्या सुरकुतलेल्या हातांकडे.

"बाई," ती अदबीने म्हणाली. आवाज तिचाच. "जरा विचारायचं होतं. मी माझ्या मुलीला शोधतोय. पाच वर्षांची आहे. उजव्या गालावर तीळ आहे. कुठे पाहिलीत का?"

मावशीच्या उजव्या गालावर, तिळावर, एक माशी बसली होती. तिने ती हाकलली नाही.