गुरुवारचा चौकोन

सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला रोवेना हॅचरने मर्ल स्टॅम्परच्या बंदुकांच्या दुकानासमोर गाडी लावली आणि उतरायच्या आधी आईला फोन केला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी एक्क्याऐंशीची, कानातलं यंत्र जेवणवेळेपर्यंत डबीत ठेवायची आणि वर म्हणायची की सकाळी सकाळी ऐकण्यासारखं असतंच काय या घरात. रोवेनाने फोन पर्समध्ये टाकला, पुन्हा काढून बघितला, पुन्हा टाकला आणि उतरली.

आदल्या दिवसापासून तिचं हे असं चाललं होतं. रविवारी चर्चहून येऊन ती जेवायला बसते न बसते तोच तुरुंगाच्या यंत्राचा फोन आला. यंत्रातली बाई मोठ्या गोड आवाजात म्हणाली की कोल्बी लेजेट हा कैदी येत्या गुरुवारी सुटणार आहे, निरोप पोचला असेल तर एक दाबा. रोवेनाने एक दाबला. मग तिचं जेवण ताटातच राहिलं.

रोवेना घरोघर जाणारी नर्स. केंटकीच्या डोंगरात, ब्लेअर क्रीकच्या आसपास जी घरं रस्त्यावरून दिसतसुद्धा नाहीत, त्या घरांतल्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, औषधं बघायची, हे तिचं काम. कोल्बीची आजी कॅन्सरने तळमळत होती आणि तिच्या दुखण्याच्या गोळ्या हा पठ्ठ्या बाहेर विकत होता. रोवेनाच्या ते लक्षात आलं, तिने तक्रार केली, साक्ष दिली, त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टातून नेताना तो तिच्याकडे वळून इतकंच म्हणाला होता, "तुझे सगळे रस्ते मला ठाऊक आहेत, नर्सबाई. आणि तुझी म्हातारी दिवसभर एकटी असते, तेही ठाऊक आहे." यातल्या पहिल्या वाक्याची तिला फारशी भीती नव्हती. दुसऱ्या वाक्याने मात्र आठ महिने तिची झोप नासवली होती. पोलीस बोलावले तर त्यांना डोंगर चढून यायला चाळीस मिनिटं लागत. चाळीस मिनिटांत काय काय होतं, हे नर्सला कुणी सांगायला नको.

म्हणून पिस्तूल. एकदा ही गोष्ट तोंडातून बाहेर पडली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आमच्या डोंगरात माणसाला देवाबद्दल शंका असू शकते, कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीच्या जाडीबद्दल, नसते. चर्चमध्ये गाणारी बाई म्हणाली, नाइन एमएमचंच घे, मी गेली सहा वर्षं ते कमरेला लावूनच गाते. गॅरेजवाला म्हणाला, लहान गोळीने माणूस फक्त चिडतो. तिच्या मामेभावाने, बॉइडने, तर फॉर्टी-फाइव्हखाली काही घेणं म्हणजे घराण्याला बट्टा असाच सूर लावला, आणि तरीही रविवारी संध्याकाळी स्वतःचं नाइनचं पिस्तूल तिच्याकडे ठेवून गेला. रिकामं. "हाताला सवय होऊ दे. रोज सकाळी उठून पाच वेळा रिकामंच चालवायचं. भिंतीवर काहीतरी धरायचं आणि नेम सोडायचा नाही."

तिने ते आज सकाळी सहाला केलंही होतं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून ठेवली, नळीच्या मागच्या खोबणीत करंगळी घालून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग बैठकीच्या खोलीत उभं राहून बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर समोर धरलं आणि गुरुवारच्या चौकोनावर, तिनेच काल लाल पेनाने गोल केलेल्या आकड्यावर, पाच वेळा चाप ओढला. सुरुवात केली तेव्हा भिंतीपलीकडे आई घोरत होती. मग तिने आईच्या ओटच्या लापशीच्या वाडग्यावर बशी झाकली, बॉइडचं पिस्तूल कपाटात ठेवलं आणि फेरीला निघाली.

मर्लच्या दुकानात नेहमीसारखा तेलाचा आणि जुन्या कॉफीचा वास होता. काउंटरच्या मागे भिंतीवर पाटी होती: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. पाटीखाली पेंढा भरलेल्या हरणाचं मुंडकं. घ्यायची बंदूक आधी त्या हरणावर रिकामी चालवून बघायची, ही मर्लच्या दुकानाची रीत. तालुक्यातल्या प्रत्येक माणसाने त्या बिचाऱ्याच्या दोन डोळ्यांमध्ये कधी ना कधी चाप ओढला होता.

"कॅलिबर राहू दे बाजूला," मर्ल म्हणाला. सत्तरीचा माणूस, रोवेनाच्या वडिलांच्या दोस्तांपैकी. "आधी सांग, दिवसभर घालतेस काय?"

"हेच. नर्सची विजार."

"म्हणजे नाडीची. फॉर्टी-फाइव्ह लावलंस तर कुण्या म्हाताऱ्याला उचलताना विजार घोट्यावर येईल. त्याला बरं वाटेल, पण तुझं काय?"

"काका, मला हसू येत नाहीये."

"ते दिसतंय पोरी. म्हणूनच बोललो."

त्याने चार बंदुका काढल्या. थ्री-एटीचं पिस्तूल, हातात लपेल एवढं. नाइनचं. फॉर्टी-फाइव्हचं, निव्वळ बॉइडचं तोंड बंद करायला. आणि पाच गोळ्यांचं एक ठेंगणं रिव्हॉल्व्हर, थर्टी-एट. प्रत्येक उघडून आधी स्वतः बघायचा, मग तिला बघायला लावायचा. रोवेनाने चारही हरणावर धरल्या. चार वेळा चाप, चार वेळा टक्. चौथ्या वेळी तिला वाटलं हरणाच्या कपाळावरची धूळ उडाली. पण दुकानात धूळ काय कमी होती.

दुकानामागे टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराखाली नेमबाजीची जागा होती. जायच्या आधी तिने पुन्हा घरी फोन लावला. दीड वाजला होता. घंटी वाजत राहिली.

"झोपली असेल," मर्ल म्हणाला.

"या वेळी नाही झोपत."

मर्लची शिकवायची एक जुनी युक्ती होती. लाकडी ठोकळ्यात पाच भोकं, त्यात पाच काडतुसं. त्यातलं एक मेलेलं, दारू नसलेलं. बंदूक तो स्वतः भरायचा, मेलेलं कितवं ते सांगायचा नाही. माणूस आवाजाला भिऊन आधीच हात झुकवत असेल, तर मेलेल्या काडतुसावर नुसतंच टक् होतं आणि नळी खाली जाताना सगळ्यांना दिसते. भल्याभल्यांची तिथे फजिती होते.

थ्री-एटी. धाड, धाड, मग टक्. नळी जागची हलली नाही. मर्लने भुवया उंचावल्या. "बरीच शांत आहेस की." मेलेलं काडतूस खटक्याने बाहेर पडलं, पुन्हा दोनदा धाड.

कागद आणला. चार भोकं डावीकडे खाली, विखुरलेली, कडा फाटलेल्या. पाचवं मधोमध.

"चार झाडल्यास ना?" मर्लने ठोकळ्याकडे बघितलं. मेलेलं काडतूस फरशीवर पडलं होतं, ते त्याने उचलून खिशात टाकलं. "कागद जुना असेल. आधीच कुणीतरी वापरलेला."

त्याने नवा कागद लावला. गठ्ठ्यातला, तिच्यासमोर फोडलेला.

नाइन. चार धाड, एक टक्. चार भोकं इकडे तिकडे, एक मधोमध.

फॉर्टी-फाइव्ह. तिच्या मनगटात कळ गेली. चार भोकं, अंगठा जाईल एवढी. आणि मधोमध ते पाचवं, आधीच्या दोन्ही कागदांवर होतं तेवढंच. ना कमी, ना जास्त.

मर्लने कागद उजेडाकडे धरला. गोळी कागदातून जाते तेव्हा कडेला करडी काजळी ठेवून जाते. या भोकाला काजळी नव्हती. फाटल्याची खूणही नव्हती. कात्रीनेही इतकं नीट कापता आलं नसतं. त्याने कानामागची पेन्सिल काढून भोकात घातली. ती चपखल बसली.

"हे कुठलं कॅलिबर?" रोवेनाने विचारलं.

"कुठलंच नाही," मर्ल म्हणाला. "पिस्तुलात या मापाची गोळी कुणी बनवतच नाही."

"मग?"

त्याने रिव्हॉल्व्हर घेतलं, त्यात पाच मेलेली काडतुसं भरली, तिला दाखवून भरली, आणि तिच्या हातात दिलं. 

टक्.

टक्.

टेकडीवर एक पक्षी ओरडत होता. तिसऱ्या टक्ला तो थांबला.

पाच झाल्यावर दोघंही चालत गेले. कागदावर एकच भोक होतं, पाचांचं मिळून, कडेला किंचित पसरलेलं. मागचा पुठ्ठा, त्यामागची फळी, त्यामागची माती, सगळ्यातून सरळ गेलेलं. मर्लने कुंपणाची तार तोडून आणली आणि मातीतल्या भोकात सारली. हातभर गेली. दोन हात गेली. चार हात गेली तेव्हा त्याने ती सोडून दिली आणि विजारीला हात पुसले.

"मला चालेल," रोवेना म्हणाली.  "काहीही असो. गुरुवारी तो येणार आहे काका. मला हे रिव्हॉल्व्हर द्या."

"पोरी, आत चल. मला एक बघायचंय."

आत येताच तो काउंटरमागे गेला आणि हरणासमोर उभा राहिला. मग खुर्ची ओढून तिच्यावर चढला. हरणाच्या दोन डोळ्यांच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक होतं आणि खालच्या फडताळावर पेंढ्याचा बारीक भुसा सांडला होता. मर्लने दोन्ही हातांनी मुंडकं उतरवलं. मागच्या भिंतीच्या फळीतून उजेडाची एक काडी आत आली आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर पडली.

त्याने वाकून भोकाला डोळा लावला. "बाहेर माझा लाकडाचा गोठा आहे," तो म्हणाला. "त्याचा पत्रा... त्यातूनही गेलंय. पलीकडचं झाड दिसतंय."

"भिंतीतून?" रोवेना म्हणाली.

"चार वेळा रिकामं चालवलंस. मी स्वतः बघितलं होतं, पोरी, प्रत्येक वेळी बघितलं होतं. रिकामीच होती."

"मीपण बघितलं होतं."

"माझ्यासमोर बघितलंस ना, म्हणून तर..."

"नाही. सकाळी." ती काउंटर धरून उभी होती. "घरी. तीनदा बघितलं होतं."

सकाळी तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं होतं. आई कुशीवर वळली असेल, असं तिच्या मनात आलं होतं. बरं झालं, असंही. आईच्या पलंगाचं डोकं त्याच भिंतीला टेकलेलं होतं, कारण दुसऱ्या भिंतीला खिडकी होती, आणि खिडकीतून कुणी काही करेल या भीतीने गेल्या शरदात रोवेनानेच तो पलंग इकडे हलवला होता.

मर्लने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खुर्चीवरून उतरेपर्यंत ती दाराबाहेर पडली होती. चारही बंदुका काउंटरवर तशाच राहिल्या.

घर वीस मिनिटांवर होतं. तिने एका हाताने चाक धरलं आणि दुसऱ्याने फोन लावत राहिली. घंटी बंद पडली की पुन्हा. यंत्र डबीत असेल. न्हाणीघरात असेल. अंगणात गेली असेल, मागे एकदा गेली होती, मांजरामागे. देवा, आज ती अंगणात गेलेली असू दे. गाडी पुलावर इतकी घसरली की समोरचा ट्रकवाला हॉर्न दाबून शिव्या देत गेला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

दाराला कुलूप होतं, सकाळी तिनेच लावलेलं. आत सगळं जिथल्या तिथे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लापशीचा वाडगा होता आणि त्यावर बशी. रोवेनाने बशी उचलली. लापशीवर साय धरली होती. चमचा कोरडा होता.

"आई?"

ती बैठकीच्या खोलीत आली. मुद्दाम आईच्या दाराकडे बघितलं नाही. कॅलेंडरकडे बघितलं. गुरुवारच्या चौकोनातला लाल गोल तसाच होता. त्याच्या आतला आकडा नव्हता. तिथे आईच्या खोलीतला दिवा दिसत होता.

फोन अजून तिच्या हातात होता. तिने पुन्हा नंबर लावला आणि भिंतीशी उभी राहिली. पलीकडे, उशाशी, घंटी वाजू लागली. दारातून ती दबकी ऐकू येत होती आणि चौकोनातून अगदी स्पष्ट. रोवेनाने फोन बंद केला नाही. घंटी वाजत होती तोवर कुणीतरी उचलेल असं म्हणता येत होतं.