वीकेंडचा पहिला दिवस

"ते फेकू नका... प्लीज."

मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा आहे. एप्रिलातल्या त्या शुक्रवारी मी जुन्या कॅसेटचं खोकं त्यात टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला. वळून पाहिलं तर घामाघूम झालेला एक उंच मुलगा, पाठीवर सॅक, हातात कृष्ण मंदिरातल्या प्रसादाचा द्रोण. डोळे मात्र माझ्याकडे नव्हते, खोक्याकडे होते. मला जरा रागच आला.

"खराब आहेत सगळ्या," मी म्हटलं. "लावल्या की नुसत्या किंचाळतात."

त्याने सॅकमधून चक्क वॉकमन काढला. एक कॅसेट लावली, डोळे मिटून ऐकली आणि असा काही हसला की मी रागावल्याचं विसरले.

"किंचाळत नाहीत हो. हे गेम आहेत. पूर्वीच्या कॉम्प्युटरवर अशी कॅसेट लावूनच गेम सुरू व्हायचे."

त्याचं नाव स्वरूप. मस्कतजवळच्या सीबमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि सुट्टीत जुने व्हिडिओ गेम जपणाऱ्या एका संस्थेसाठी राबायचा. कॅसेट, माहितीपत्रकं, अगदी रिकामी खोकीसुद्धा ही मंडळी गोळा करतात आणि त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून जपून ठेवतात. यात कुणी पैसा कमवत नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. मस्कतमध्ये किती जण आहात असं विचारल्यावर म्हणाला, "सध्या... मीच."

मी खोकं दिलं, नंबर दिला आणि त्याचाही घेतला. जिना चढताना गुणगुणत होते, म्हणजे बघा.

वर बाबा बॅगा भरत होते. सत्तावीस वर्षांची मस्कतची नोकरी संपली होती. पुढच्या शनिवारी सकाळच्या विमानाने ते कायमचे कुडाळला निघणार होते, मी इथल्या क्लिनिकच्या लॅबमधल्या नोकरीसाठी मागे राहणार होते.

"उर्वी, माझ्या कॅसेटचा खोका खंय गेला?"

सांगितलं, तर ते मटकन खाली बसले. त्यातल्या एका कॅसेटवर निळ्या शाईने 'व' लिहिलेला होता. व म्हणजे वसुंधरा, माझी आई. त्या काळी गल्फमधली माणसं घरी पत्राऐवजी कॅसेट बोलून पाठवायची, तशी आईने गावाहून बाबांना पाठवलेली ती एकुलती एक कॅसेट होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज घरात दुसरा कुठेच नव्हता. आणि तो मी एका अनोळखी मुलाला त्याच्या हसण्यावर भाळून देऊन टाकला होता.

लगेच फोन लावला. स्वरूपने शोधून सांगितलं, कॅसेट आहे. पण आतली फीत एका जागी चिकटली आहे, घाईने लावली तर तुटेल. एकदाच, सावकाश चालवून उतरवून घ्यावी लागेल. "माझ्यावर सोडाल?" त्याने विचारलं. सोडण्यावाचून इलाज नव्हता.

मग रोज संध्याकाळी फोन. मी लॅबवाली, म्हणून तो कॅसेटला पेशंट म्हणायला लागला.

"पेशंट कसा आहे?"

"स्थिर आहे. नातेवाइकांनी जेवून घ्यावं."

"नातेवाइकांना घास उतरत नाही."

"मग मीही जेवत नाही... उद्या ऑफिसात चक्कर आली तर तुमच्या नावावर."

मी हसायचे, आणि फोन ठेवला की शनिवारला किती दिवस उरले ते मोजायचे. बुधवारी त्याने सांगितलं, आता मुख्य काम. फोन बंद ठेवणार, कारण मोबाइलची टिर्रटिर्र उतरवलेल्या आवाजात उमटते. "वीकेंडच्या पहिल्या दिवशी, पाच वाजता, मंदिराच्या फाटकाशी."

गुरुवारी क्लिनिक अर्धा दिवस. साडेचारलाच मी फाटकाशी हजर. पाच वाजले, सहा वाजले. उन्हं उतरली तरी रस्ता तापलेलाच होता. प्रत्येक टॅक्सी थांबली की मी पुढे व्हायचे, उतरायचा भलताच कुणीतरी. फोन बंद. फीत तुटली असेल, म्हणून तोंड लपवतोय? की गाडीच कुठे आदळली? मला आधी कॅसेटची काळजी वाटत होती, मग त्याची, मग दोन्ही काळज्या अशा मिसळल्या की वेगळ्या करता येईनात. घरी भरलेली बॅग उगाच पुन्हा उघडून बाबा घड्या नीट करत बसले.

शुक्रवारी पाच वाजता खिडकीत उभी होते, तर स्वारी समोरच्या मंदिराच्या फाटकाशी! इस्त्रीचा शर्ट, बगलेत लॅपटॉप. मी चपला उलट्यासुलट्या घालून धावले.

"काल दोन तास उभी होते मी इथे."

"काल?" तो भांबावला. "काल गुरुवार... ऑफिस होतं. वीकेंडचा पहिला दिवस आज ना?"

मी कपाळावर हात मारला. त्याच आठवड्यात ओमानने सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार केली होती. आमच्या क्लिनिकने 'आपल्याकडे बदल नाही' अशी नोटीस लावली आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला होता. रडू येत होतं, ते हसण्यात बाहेर पडलं.

वर त्याने लॅपटॉप उघडला. आवाज नीट उतरला होता. सुरुवातीची दहा मिनिटं गेमचीच होती, म्हणून त्याने आईंचं बोलणं वेगळं करून आणलं होतं.

"आधीचापण लाव," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

मग त्यांनी सांगितलं. इथल्याच रुवी भागातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ते गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी गेमच्या कॅसेट भरून द्यायचे. एकदा गावी जाणाऱ्या माणसाकडे आपली बोललेली कॅसेट द्यायच्या ऐवजी चुकून गेमची दिली. आईने तीच, उरलेल्या कोऱ्या जागेत बोलून परत धाडली.

स्वरूपने पहिल्यापासून लावली. आम्ही तिघं ते किंचाळणं ऐकत बसलो. दहाव्या मिनिटाला तो हळूच उठला आणि बाहेर जिन्यावर जाऊन थांबला. नुसती खरखर झाली, आणि मग आई आली. तरुण, लाजरी, अगदी माझ्यासारख्या आवाजाची.

"अवो... तुमी धाडलेली कॅसेट लावलंय. नुसती आरडता. माका वाटला, तुमच्या गळ्याक काय झाला... मगे म्हटला, खंय तरी तुमी बोलतलास. म्हणान शेवटपर्यंत आयकलंय."

बाबांनी चष्मा काढला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. बऱ्याच वेळाने बाहेर गेले, तर स्वरूप पायरीवर बसलेला.

"तुम्ही ऐकलंत ना सगळं... उतरवताना?"

"नाही. 'अवो' ऐकलं आणि हेडफोन काढला. पुढे फक्त आवाजाचा काटा हलतोय ना, तेवढं बघत होतो. संस्थेचा नियम आहे, कॅसेटची पूर्ण बाजू ऐकून नोंद करायची. पण ती हाक... मला नव्हती."

मी त्याच्या शेजारी बसले.

"नोंदीत काय लिहू? दहा मिनिटांनंतर?"

"घरगुती, असं लिहा."

तो हसला. मग सॅकचा पट्टा चाळवत म्हणाला, "पुन्हा... येऊ? वीकेंडला?"

"वार सांगा."

"शुक्रवार. शनिवार..." तो अडखळला. "आणि तुमचा गुरुवारपण. उर्वी, मला तुम्ही आवडता. त्या दिवशी मी खोक्याकडे बघत होतो ना, ते तुमच्याकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून."

"काल दोन तास मला कॅसेटपेक्षा तुझीच काळजी जास्त होती," मी म्हटलं. 'तुझी' कधी आलं, कळलंच नाही.

आतून पुन्हा ते कर्कश किंचाळणं सुरू झालं. बाबांनी पहिल्यापासून लावलं होतं. म्हणजे आम्हाला जिन्यावर अजून दहा मिनिटं होती.