मास्तरांचं खातं

ही गोष्ट खरी आहे. शपथा घेत बसत नाही. माझ्या फोनमध्ये चौदा सेकंदांचा एक कॉल अजून आहे, हवा तर येऊन बघा.

वार रविवार. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात तासभर एकटं बसून बघावं.

घडलं ते माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत. बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणतात. वजन पंच्याण्णव किलो. एका विमा कंपनीत तो कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचा. चार वर्षं कंत्राटावर. त्याच्या बायकोला सातवा महिना, आणि साहेबांनी शुक्रवारी ऐकवलेलं, "सोमवारी नऊला सगळी मशिनं नव्या डोमेनवर उघडली, तर तू कायम. नाहीतर आपला नमस्कार."

डोमेन म्हणजे काय, हे मलाही त्यानेच समजावलं. "भावजी, ती ऑफिसची हजेरीवही समजा. सकाळी माणूस मशीनवर नाव आणि पासवर्ड टाकतो. मशीन वहीला विचारतं, हा आपला का? वही हो म्हणाली तरच आत."

जुनी वही बंद करून बेचाळीस मशिनं नव्या वहीवर न्यायची, एवढंच काम.

जुनी वही बांधली होती मास्तरांनी. मास्तर म्हणजे बारक्याच्या आधीचा नेटवर्कचा माणूस. त्यांनीच बारक्याला हाताला धरून शिकवलं. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, बारक्याला मात्र 'साहेबजादे' म्हणायचे, ते त्याच्या वेळेवर न येण्यावरून. एक टाच घासत चालायचे. कोण येतंय ते वर न बघताच कळायचं.

वर्षापूर्वी ते गेले. तेही रविवारीच. सर्व्हर रूममध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून सुट्टीतही आले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.



तर त्या रविवारी बारक्या दहाला पोचला. खाली वॉचमन, वर कोणी नाही. साडेअकरापर्यंत त्याने सगळी मशिनं हलवली. स्वतःचं खातंही नव्या डोमेनवर नेलं. मग एकेक मशीन पुन्हा चालू करत रांगेतून फिरला.

पहिलं उघडलं. नाव टाकायची चौकट आली. खाली डोमेनचं नाव...

जुनं.

दुसरं बघितलं. जुनं. तिसरं, जुनं.

बेचाळीसही मशिनं परत गेली होती.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," असं तो स्वतःशी मोठ्याने बोलला. रिकाम्या जागेत आपलाच आवाज बरा वाटतो. तो सर्व्हर रूममध्ये गेला. दार मागे आपोआप लागलं. त्याने नोंदी उघडल्या.

मशिनं परत कोणी फिरवली, ते तिथे लिहिलेलं असतं. वेळ, मशीन, खातं.

मशीन नंबर त्रेचाळीस.

ऑफिसात त्रेचाळिसावं मशीन नाही. वर्षापूर्वी होतं. याच खोलीत, मास्तरांच्या टेबलावर. ते केव्हाच भंगारात गेलं. आता भिंतीतून नुसती वायर लोंबत होती, टोकाला काही नाही.

पण दुसऱ्या टोकाला, सर्व्हरच्या कपाटात, त्या वायरचा हिरवा दिवा...

लुकलुकत होता.

आणि बाराच्या ठोक्याला नोंदींत नव्या ओळी पडू लागल्या. मास्तरांचं खातं. प्रवेश नाकारला. मिनिटभराने परत. प्रवेश नाकारला. परत.

आता जे सांगतो, ते बारक्याने वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

निवृत्त होणाऱ्याचं खातं शेवटच्या दिवशी बंद करायचं, हे बारक्याचं काम. मास्तरांचं त्याने शुक्रवारीच लावून ठेवलं होतं: रविवार, बारा वाजता. त्याला म्हणायचं होतं रात्रीचे बारा. घड्याळ चोवीस तासांचं. त्याने घातले दुपारचे.

सर्व्हर रूमचं दार कार्डावर चालायचं. आतूनही. कार्ड चाले खात्यावर.

म्हणजे दुपारी बाराला खातं संपलं, आणि मास्तर आत राहिले. छातीत कळ घेऊन. त्यांनी बारक्याला तीन फोन केले. बारक्या जेवत होता. फोन पालथा ठेवलेला. दिसल्यावर म्हणाला, म्हातारा परत काहीतरी शिकवणार, उद्या बघू.

उद्या...

खातं उघडलं की ती वेळ अजूनही दिसायची. रविवार, बारा. खाली बारक्याचं नाव.

आता आमच्या बारक्याचा हिशेब बघा. खातंच पुसून टाकलं तर नोंदी थांबतील, मशिनं नव्या डोमेनवर राहतील, तो कायम होईल. आणि ती ओळही जाईल. एका दगडात किती पक्षी! माणूस घाबरलेला असला तरी बेरीज चुकत नाही.

त्याने खातं पुसलं.

नोंदी थांबल्या. हिरवा दिवा विझला.

"माफ करा, मास्तर," म्हणत तो उठला. दाराला कार्ड लावलं.

लाल.

पुन्हा लावलं. लाल. त्याचं खातं नव्या डोमेनवर, दार अजून जुन्याला विचारत होतं. ही तर साधी चूक, असं म्हणत त्याने स्वतःला जुन्या डोमेनवर परत घातलं. कार्ड लावलं.

लाल.

दारावर बुक्के मारले. वॉचमन तीन मजले खाली. बायकोला या दिवसांत घाबरवायचं नाही, म्हणून त्याने मला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

मी जेवत होतो. फोन पालथा होता.

दीडला त्याच्या फोनची बॅटरी संपली.

खोलीत गारठा वाढत चालला. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटू लागलं. आणि मागे आवाज आला...

टाच घासल्याचा.

दारापर्यंत. परत खुर्चीपर्यंत. परत दारापर्यंत.

मागे न बघता तो कीबोर्डशी गेला. मास्तरांचं खातं नव्याने बनवलं. तेच नाव. संपण्याची तारीख या रकान्यात त्याने निवडलं: कधीच नाही.

खट्.

दार उघडलं. बारक्या हललासुद्धा नाही. त्याच्या खांद्याला लागून काहीतरी गार बाहेर गेलं. टाच घासत, सावकाश, रांगेतून, जिन्याकडे...

बाहेर बेचाळीस मशिनांवर नव्या डोमेनचं नाव होतं.

सोमवारी सगळं सुरळीत उघडलं. बारक्या कायम झाला. आठवड्याने आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याला चिडवलं. "काय रे, तुझा फोन वॉचमनला सांभाळायला देतोस की काय? मी सव्वादोनला उलटा लावला, तर कोणी म्हाताऱ्याने उचलला."

"फोन बंद होता, भावजी."

"अरे, बोललो ना मी! म्हणाला, आता उघडलं. साहेबजादे येताहेत घरी."

बारक्याने हातातला पेला खाली ठेवला. मग त्याने मला हे सगळं सांगितलं.

ते खातं अजून आहे. पुसायची हिंमत त्याला नाही. दर रविवारी बाराला त्रेचाळीस नंबरवरून नोंद पडते. प्रवेश दिला.

मागच्या रविवारी मात्र पडली नाही.

त्या दुपारी बारक्या आमच्याकडे जेवायला होता. त्याचा फोन बंद करून टेबलावर ठेवलेला, आम्हा दोघांच्या मध्ये. बाराला माझा फोन वाजला. नंबर बारक्याचा.

बारक्या माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे.

उचलायला हवा होता. इतकं सगळं माहीत असताना तरी.

आम्ही तो वाजू दिला.

तीन वेळा.