शनिवारचा सराव

खरं तर सुचेताला मिश्राजींचं दार वाजवायचं होतं. पण त्या दाराला कुलूप होतं, आणि ती परत फिरणार तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. दारात एक उंच मुलगा, कणकेने बरबटलेले हात पुढे धरून उभा.

“मिश्राजी भोपाळमध्ये नाहीत. काय विकताय?”

“काही नाही. घरात पंचावन्नच्या पुढचं कोणी आहे का?”

त्याने तिला नीट न्याहाळलं. “आहेत. पण ते लग्नाला तयार होणार नाहीत.”

सुचेताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने हातातली फाइल घट्ट धरली आणि पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगून टाकलं – न्यूरोसायन्स, बी.एस्सी., दुसरं वर्ष, प्रॅक्टिकलसाठी पंधरा वयस्कांची स्मरणशक्ती तपासायची आहे. कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये हे सांगणं म्हणजे दिव्यच. म्हणजे डॉक्टर होणार का? नाही. मग नर्स? तेही नाही. मग एवढं शिकून करणार काय, हा प्रश्न तर तिच्या आईलाही पडायचा. या मुलाने मात्र एवढंच म्हटलं, “या आत. तवा तापलाय.”

तो जयंत. गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. आई गेल्यापासून घरात दोघंच – तो आणि त्याचे वडील, नीळकंठराव. नागपूरहून आलेला हा माणूस तीस वर्षं टाउनशिपच्या मोठ्या कारखान्यात क्रेन चालवत होता. छपराला लागून धावणारी क्रेन, खाली टनावारी लोखंड लटकवून.

कॉलेजने छापील हिंदी कागद दिला होता, दवाखान्यांत वापरतात तोच. सुचेताने वाचलं, “ताला, इमली, चादर, पुल, कबूतर. काका, लक्षात ठेवा हं. पाच मिनिटांनी विचारीन.”

पाच मिनिटांनी काकांना चिंच तेवढी आठवली. घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या बाजूला गर्दी करून बसले. सुचेताने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात जयंत लाटणं हातात धरून थिजला होता. मग एकदम हसला.

“रात्री झोप नाही झाली त्यांची. एका दिवसावर कोणी निकाल लावतं का? पुढच्या शनिवारी या. आलं घालून चहा देईन.”

ती गेली. चहासाठी नाही... म्हणजे चहासाठीही.

काकांना दुसऱ्या शनिवारी दोन शब्द आठवले, तिसऱ्या शनिवारी तीन. जयंत तिला कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपर्यंत सोडायला येऊ लागला. चालताना तो नेहमी रस्त्याच्या बाजूला असायचा. ती बदलली की तोही बदलायचा, काही न बोलता.

“माझी परीक्षा कधी?”

“पंचावन्न झाले की.”

“तोवर याल ना दर शनिवारी?”

सुचेताचा पाय उगाच अडखळला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “आराम से. रस्ता आपलाच आहे.”

सातव्या शनिवारी त्याने दारातच तिच्या तोंडात पेढा घातला. “बाबा फिट निघाले.”

“कशात?”

मग त्याने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी बाळूकाकांच्या डोक्यावर, अगदी वीतभर अंतरावर, लोखंडाचा ठोकळा थांबला होता. बाळूकाका म्हणजे क्रेनखाली उभं राहून इशारे करणारा माणूस. पुढचा दांडा कुठला ओढायचा, हेच बाबा विसरले होते. साहेबांनी त्यांना तपासणीला पाठवलं. तारीख कालची मिळाली.

“डॉक्टरांनी तुझाच कागद काढला. पाचही शब्द, धडाधड. घड्याळसुद्धा गोल गरगरीत. सोमवारपासून पुन्हा क्रेनवर.”

तो हसत होता. सुचेताच्या तोंडात पेढ्याचा गोळा तसाच राहिला. याच आठवड्यात रत्नप्रभा मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या – एकाच माणसाला तोच कागद पुन्हा पुन्हा दिलात, तर ती तपासणी नव्हे, शिकवणी. तिला तेव्हा आपल्या मार्कांची काळजी वाटली होती. फक्त मार्कांची.

“मी काकांना शिकवत होते,” ती म्हणाली. “सहा शनिवार. आणि तुला माहीत होतं.”

जयंतचं हसू उतरलं. “पहिल्या दिवशी नव्हतं. दुसऱ्या शनिवारी लक्षात आलं.”

“म्हणून बोलावत राहिलास?”

“म्हणूनही.” तो खाली बसला. “रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत, सुचेता. अनफिट केलं तर कंपनीचं हे क्वार्टर जाईल. हा माणूस इथे अंधारातही न्हाणीघर शोधतो. नव्या घरात काय करेल?”

आतून काकांचा आवाज आला, “जयंता, कोण आलंय रे?”

“सुचेता आहे, बाबा.”

“कोण सुचेता?”

जयंतने आतलं दार लोटून घेतलं.

“बाळूकाकांना मुलं किती?” तिने विचारलं.

“असं नको बोलूस.”

“सोमवारी आठची पाळी आहे. तू सांग. नाहीतर मी हे सहाही कागद घेऊन दवाखान्यात जाईन.”

“आवडत्या माणसाशी असं बोलतात का?”

“त्याच्याशीच बोलतेय.” तिचा आवाज फाटला. “दुसरा कोणी असता, तर न सांगता गेले असते.”

रविवारी त्याचा फोन आला नाही. तिने चारदा नंबर काढला, चारदा मिटवला. आपण कोणाचं घर मोडतोय, हे तिला पक्कं कळत होतं. न मोडलं तर काय होईल, तेही कळत होतं.

सोमवारी सकाळी साडेसातला ती कागद घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात पोचली. बाहेरच्या बाकावर जयंत बसला होता. शेजारी वडिलांची फाइल.

“सांगितलं,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी दुसरा कागद काढला. एकही शब्द नाही आला... एकही. क्रेन आजपासून बंद. क्वार्टरचं ऑफिस ठरवेल. आत बाबा नर्सला आईचं नाव सांगताहेत. जेवायला थांबली असेल म्हणे.”

सुचेता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“तुझं बरोबर होतं,” तो समोर बघत म्हणाला. “म्हणूनच तुझ्याकडे बघवत नाही.”

“मग नको बघूस.”

समोरून डबे घेतलेली माणसं फाटकाकडे चालली होती. त्यांत बाळूकाकाही होते. त्यांनी हात वर केला. “क्या जयंत, सब ठीक?”

जयंतने मान हलवली. ते आत दिसेनासे होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने मधली फाइल उचलून मांडीवर घेतली.

सुचेता त्या रिकाम्या जागेत सरकली. त्याने अजूनही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पण तो बाजूला झाला नाही.